ऐंशी कार्डं आणि निळा धागा

८ नोव्हेंबर

ही डायरी गोळ्यांच्या कंपनीची आहे. दर पानाखाली एक गोळी छापलेली. आजच्या पानावर पित्ताची आहे, असं हेमावती सांगते. सोयीचं आहे. नको ते वर आलं की खाली उतारा तयार.

मी महादेवी. वय चौऱ्याहत्तर, नाहीतर पंच्याहत्तर. माहेर दुधनी, सासर सोलापूर. मला एक अक्षर येत नाही. मी बोलते आणि शेजारची हेमावती लिहिते. ती दुपारी माझ्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसते. शंभर विड्या झाल्या की हात पुसते आणि दहा ओळी लिहिते. माझ्या 'हाय'चं ती 'आहे' करते. म्हटलं, अगं, माझं तोंड धुऊन कशाला मांडतेस? तर म्हणाली, "अक्का, म्युन्सिपाल्टीच्या शाळेत दहावी केलीय मी. वहीत हाय-न्हाय लिवणार न्हाय." हे मात्र तिनं बोलली तसंच लिहिलं.

डायरी नातीनं दिली. सिद्धेश्वरी, माझ्या चन्नवीरची लेक. चन्नवीरचं दुधनीत खताचं दुकान आहे. पोरगी शिकायला माझ्याकडे आली, नर्स झाली, इथंच एका दवाखान्यात लागली. सहा वर्षं दोन खोल्यांत आम्ही दोघी. आता तिला जर्मनीला जायचं आहे. तिकडं म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं कमी पडलीत म्हणे. म्हटलं, "म्हातारी हितं बी हाय की एक."

ती हसली. मीही हसले. लिही हेमावती, दोघी हसलो.

तिच्या जर्मनच्या बाई रोज पाच ओळी लिहायला सांगतात. मी म्हटलं, मला कुणी का सांगत नाही? म्हणून ही डायरी.

१५ नोव्हेंबर

सिद्धीचं घोडं लिहिण्यात अडलं आहे. बोलते फडाफडा. पण त्या भाषेत काही शब्द जुळ्या बहिणींसारखे आहेत. लिहायची वेळ आली की ही एकीला बोलावते आणि दुसरीच येऊन बसते. जानेवारीत पुण्याला परीक्षा. तिच्यात चार भाग, चारी सुटले तरच जर्मनी.

मला दाखवले ते शब्द. जखम आणि चमत्कार यांच्यात शेवटच्या एका वाकड्या काडीचा फरक. काडी असली की चमत्कार. उशी आणि मुका घेणं तिकडं सख्खे शेजारी. सेवा करणं आणि नांगरणं यांचंही तसंच, मधल्या अक्षराच्या डोक्यावर दोन तीळ असले की नांगरणं.

"म्हंजे अर्जात लिवशील, मला म्हाताऱ्या नांगरायला लई आवडतंय."

"अज्जी, ह्यो एक शब्द मी झोपेत बी चुकणार न्हाय. माझं कामच हाय ते. बाकीच्याचं बघ."

तिनं जुन्या लग्नपत्रिका कापून ऐंशी कार्डं केली. पुढं जर्मन शब्द, मागं कुणाकुणाची लग्नं. अर्थ कुठंच नाही. म्हणाली, "अर्थ मागं लिवला की मी चोरून बघते. तुझ्या डोक्यात ठेवते. तितनं चोरता येत न्हाय."

चार दिवसांत ऐंशीच्या ऐंशी कार्डांचे अर्थ माझ्या डोक्यात बसले. हेमावतीला नवल वाटतं. यात नवल काय? एकतीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात घडी खात्यात होते. विणलेली चादर समोर आली की दोन्ही हातांनी पसरायची, नजर फिरवायची, कुठं धागा सुटलाय का बघायचं आणि घडी घालायची. चांगल्या नगाच्या कोपऱ्याला तपासणाऱ्या बाईनं आपला धागा बांधायचा. सही येत नव्हती म्हणून धागा. माझा निळा. वाचता येणारा माणूस शब्दावरनं पळत पुढं जातो. मला पळता येत नाही, म्हणून मी बघते.

आता आमचा कारखाना असा: ती कार्ड उचलते, अर्थ सांगते, मी बरोबर का चूक ते सांगते. तीनदा बरोबर आलं की कार्डाला भोक पाडून मी निळा धागा बांधते आणि कार्ड बिस्किटाच्या डब्यात. डब्यातलं परत बघायचं नाही. ते पास.

२६ नोव्हेंबर

काल तीन कार्डं डब्यात गेली. 'सुंदर' आणि 'आधीच' यांच्यावरनं भांडण झालं. ती म्हणे सुंदर, मी म्हणे तीळ कुठाय? तीळ असला तर सुंदर. ती म्हणाली, "तुझ्या हनुवटीवर हाय की." म्हटलं, "म्हणून तर आजोबा फसला."

मग विचारते कशी, "अज्जी, कारखान्यात कधी खराब नग पास केलास का गं?"

केला की. सगळ्याच बाया करायच्या. ओळखीच्या विणकराचा नग असला आणि दोष बारीक असला, तर घडी अशी घालायची की दोष आत जावा. वरनं चादर कोरी करकरीत. आम्ही त्याला पोटात घालणं म्हणायचो. नाहीतर बिचाऱ्याची मजुरी कापायचे.

"फसवणूकच की ती."

"माणुसकी म्हण."

"आणि चादर घेणाऱ्यानं घरी जाऊन घडी मोडल्यावर?"

म्हटलं, तोवर आपण जेवून झोपलेलो असतो. लई हसली. एक गोष्ट अर्धी सांगितली की चांगली हसू येण्यासारखी होते. उरलेली अर्धी मी सांगितली नाही. इथंही सांगत नाही. हेमावती, माझ्याकडं बघू नको, लिही.

९ डिसेंबर

आज सिद्धी सोळा तास काम करून आली. तिच्या वॉर्डातली एक बाई सकाळी गेली, होटगीची होती, हिचा हात धरून गेली. पाय सुजलेले. म्हटलं, राहू दे आज कार्डं. ऐकली नाही.

जखमेचं कार्ड उचललं आणि म्हणाली, "चमत्कार." माझ्या तोंडाकडं बघत बसली. डोळे काठापर्यंत भरलेले.

मी म्हटलं, "बरोबर."

त्या कार्डाचं ते तिसरं बरोबर होतं. धागा बांधला, डब्यात टाकलं. एक नग पोटात घातला. त्यानं काय होतंय? पोरगी चार घास तरी जेवली.

१४ डिसेंबर

चन्नवीरचा फोन आला. दुकानामागची खोली रंगवून घेतो आहे. "सिद्धी गेली की अव्वा तू हिकडं. सोलापूरची खोली भाड्यानं दिऊ." पोरगा चांगला आहे. सूनही चांगली आहे, आणि तीच पंचाईत आहे. तिथं गेलं की मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. दिवसभर खाटेवर बसवून ठेवते, देव्हाऱ्यातल्यासारखी. इथं माझं दार आहे. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला आहे. बायका भाजी निवडत इथं येऊन बसतात ते माझी टवाळी ऐकायला.

मी फोनवर म्हटलं, "व्हय रे बाबा."

संध्याकाळी कार्डं. सिद्धी ताजी होती, चहा पिऊन हसत बसली होती. 'मागणी करणं' हे कार्ड उचललं आणि 'उत्तेजन देणं' असा अर्थ सांगितला. मला दिसलं. डोक्यावर तीळ नव्हते.

मी म्हटलं, "बरोबर."

लिही हेमावती: त्या वेळी मला तिची दया आली नव्हती.

हेमावती थांबली. म्हणाली, "अक्का, हे खरंच लिवू?"

लिही.

"पोरीचं वाटोळं करतीस की गं."

हेही लिही.

२ जानेवारी

अकरा झाली. अकरा कार्डं डब्यात अशी आहेत की तिला वाटतं येतात, आणि येत नाहीत. रोज ठरवते की आज सांगायचं, 'त्या दिवशी माझी नजर चुकली, परत बघू.' एवढंच तर सांगायचं आहे. ती कार्डं मांडून बसते, म्हणते, "अज्जी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं?" मग सांगता येत नाही.

आजच्या पानावर कसली गोळी आहे, विचारलं. हेमावती म्हणते, झोपेची.

१४ जानेवारी

आज सिद्धरामेश्वराच्या यात्रेची अक्षता, म्हणजे देवाच्या लग्नाचा दिवस. सिद्धीनं अर्धा दिवस सुट्टी काढली आणि मला घेऊन गेली. गर्दी एवढी की माझ्यासारखी दोन मुठींची म्हातारी सापडली नसती. म्हणून कडेला एका दुकानाच्या पायरीवर उभी केली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंचच उंच नंदीध्वज, आणि वेळ आली तशा चारी बाजूंनी अक्षता उडाल्या.

सिद्धीनं कानाशी येऊन विचारलं, "काय मागितलंस?"

"तुझी परीक्षा."

घरी येऊन हात धुवायला गेले तर मूठ वळलेलीच. उघडली, अक्षता तशाच तळहाताला चिकटलेल्या. मी टाकल्याच नव्हत्या.

तांदूळ चिमण्यांना घातले. त्यांनी खाल्ले. चिमण्या काही विचारत नाहीत.

२५ जानेवारी

परीक्षा झाली. काल पुण्याहून आली. भूक लागली म्हणाली, कडक भाकरी चुरून दही आणि शेंगाची चटणी घालून दोनदा खाल्ली. पेपर चांगला गेला म्हणते. लिहिण्याचा भागही.

"निळ्या धाग्याचे शब्द तर मी डोळं मिटून लिवले, अज्जी."

मी म्हटलं, पाणी पी.

१७ फेब्रुवारी

काल निकाल आला. वाचण्यात पास, ऐकण्यात पास, बोलण्यात तर पहिली आल्यासारखी पास. लिहिण्यात साठ लागतात, छप्पन पडले. चार गुणांनी गेली.

रडली नाही. तिला राग आला तर ती कामाला लागते, आजोबासारखी. फरशीवर बसून आठवून आठवून परीक्षेतलं पत्र परत लिहून काढलं आणि तिच्या बॅचमधल्या एका पोरीला फोटो पाठवला. त्या पोरीनं फोनवर एकेक चूक सांगितली. सिद्धी डबा उघडून कार्डं काढत गेली. एक, दोन, तीन. सहा कार्डं निघाली. सहाही कार्डांच्या कोपऱ्यात निळा धागा.

"अज्जी, ह्ये सगळं तू बरोबर म्हणाली होतीस."

ती चिडली नव्हती. विचारत होती. मला तिच्या आवाजात आजोबाचा आवाज ऐकू आला. आणि मी काय म्हणाले? म्हटलं, "डोळं गेलं गं माझं, यव्वा. म्हातारपण."

तिनं सहा कार्डं खाली ठेवली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बघायला लागली. नर्स ना. म्हणाली, "मला आधी का सांगितलं न्हाईस? मी स्वतःच्या परीक्षेत एवढी गुंतले की तुझ्याकडं बघितलंच न्हाय."

वर तीच माफी मागत होती.

हेमावती आज मधूनमधून नुसती विडीची पानं कातरते आहे. वळत काही नाही.

२३ फेब्रुवारी

सिद्धीनं सुट्टी काढून मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आदल्या रात्रपाळीची झोप तिनं रिक्षात काढली, माझ्या खांद्यावर. मी मनात म्हणत होते, देवा, एक दिवस तरी माझे डोळे खराब कर. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत. तेव्हापासून मला समोरच्या चाळीतल्या बाईच्या साडीचे काठ मोजता येतात.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, वाचता येतं का?"

"न्हाय."

मग त्यांनी आमच्यासारख्यांचा तक्ता लावला. त्यात अक्षरं नसतात. तीन दातांच्या फणीसारखं एकच चिन्ह, कधी दात वर, कधी खाली, कधी इकडं, कधी तिकडं, आणि ओळीगणिक बारीक होत जाणारं. दात कुठल्या बाजूला, ते हातानं दाखवायचं.

मला चुकीचं दाखवता आलं असतं. घरून ठरवूनच गेले होते. पण समोर नग आला आणि हातानं ऐकलं नाही. एकतीस वर्षांची सवय आहे, दोष कुठाय विचारलं की बोट तिकडं जातं. वर, खाली, डावं, डावं, उजवं. बाई ओळ बदलत गेल्या, मी दाखवत गेले. शेवटची ओळ मुंगीएवढी होती. तीही.

डॉक्टरीणबाई खूश. "आजी, ह्या वयात शेवटची ओळ! कुठं कामाला होता?"

म्हटलं, "घडी खात्यात."

सिद्धी दाराशी फाइल धरून उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. मला सगळं दिसतं, एवढंच बघवलं नाही.

परतीच्या रिक्षात ती जागी होती. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, "सांभाळून उतर, पायरी उंच हाय."

हे सगळं लिहून हेमावतीनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अक्का, आता साकु." साकु म्हणजे पुरे. ती तेलुगू, पण मला टोचायचं असलं की माझ्या माहेरच्या कानडीत बोलते. "तिला सांगितल्याबिगर तुझा एक शब्द मी लिवणार न्हाय. मी काय तुझा बिस्किटाचा डबा हाय? सगळं माझ्यात कोंबतीस आणि वर झाकण लावतीस."

एवढं शेवटचं लिही म्हटलं. हे तेवढं तिनं आवडीनं लिहिलं.

६ मार्च

अकरा दिवस डायरी बंद होती. आज उघडली म्हणजे मी सांगितलं, हे हेमावतीला कळलं आहे. भिंतीला कान लावून ऐकत होती, नाही म्हणू दे.

आधी उरलेली अर्धी गोष्ट. आता ती वहीत असायला हवी.

गुरुशांत, माझा नवरा, त्याच कारखान्यात मागावर होता. हात असा की त्याची चादर मी डोळे झाकून ओळखायची. बावन्नाव्या वर्षी त्याच्या विणण्यात धागे सुटायला लागले. आधी एखादा, मग ओळीनं. मी घडी आत घालायची. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आज माझ्या नगात काय निघालं का?" मी म्हणायची, "काय न्हाय." आठ महिने. मग विजयपूरच्या व्यापाऱ्याकडनं गठ्ठा परत आला. चाळीस चादरी, चाळीस निळे धागे. मालकानं सगळ्यांसमोर फरशीवर पसरल्या आणि त्याला बोलावलं. त्यानं वाकून हात फिरवला. नजर नाही, हात. तेव्हा मला कळलं की त्याला दिसतच नाही. मग त्यानं मान वर केली आणि माझ्या दिशेला बघितलं.

काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असता तर डोळा वाचला असता. त्याला आधी कळणार कसं? रोज संध्याकाळी त्याची बायको सांगत होती की काय न्हाय.

त्याची नोकरी गेली, एक डोळा गेला, दुसरा अर्धा राहिला. पुढं एकोणीस वर्षं जगला. मला कधी काही विचारलं नाही. लोक म्हणायचे, किती सांभाळते नवऱ्याला. मी ऐकून घ्यायची.

हे सगळं मी सिद्धीला सांगितलं. आणि अकरा कार्डं मांडून दाखवली, सहा तिला सापडलेली, पाच न सापडलेली. पहिलं दयेनं केलं आणि बाकीची दहा माझ्या किल्लीसाठी, हेही सांगितलं. 'तुझ्या मायेनं' म्हणायला जीभ वळली होती. वळू दिली नाही.

ती म्हणाली, "जाऊ नको म्हणून सांगायचं होतंस की, अज्जी."

"सांगितलं असतं तर तू ऱ्हायली असतीस."

"व्हय. ऱ्हायले असते."

"म्हणून न्हाय सांगितलं."

"आणि ह्ये केलंस."

"ह्ये केलं."

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवणाचा डबा नेला नाही, दवाखान्यात जेवली. मी पिठलं केलं आणि दोन्ही दिवस एकटीनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी कामावरून आली आणि बिस्किटाचा डबा माझ्या मांडीवर उलटा केला. ऐंशी कार्डं.

"सगळं धागं काप. पहिल्यापासनं बसायचं. लिवण्याचा भाग एप्रिलात परत देता येतोय."

कात्री शोधता शोधता मी म्हटलं, "चार गुण माझ्यामुळं गेलं, यव्वा."

"चारी कसं तुझं? मला बी थोडं ऱ्हाऊ दे की."

तेवढंच. पण तेव्हा भाकरी मागितली.

२८ मार्च

ऊन असं की दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. हेमावती आता आतच बसते.

मी चूक म्हणायला शिकते आहे. या वयात शिकायला लई अवघड शब्द आहे. घशातून वर येताना खरवडतो. पहिल्या दिवशी सव्वीस वेळा म्हटलं. एकेक म्हणताना वाटतं, ही एक पाऊल दाराकडं गेली. आता रोज सात-आठवर आलं आहे. परवा ती चिडून म्हणाली, "आज तू मुद्दाम चूक म्हणतीस." म्हटलं, "तेवढं सोडून सगळं करून झालंय माझं." हसली. निकालानंतर पहिल्यांदा.

चन्नवीरला मी आपणहून फोन लावायला सांगितला. म्हटलं, "त्या खोलीला पांढरा रंग नको, दवाखान्यासारखं वाटतंय. खाट रस्त्याच्या खिडकीशी. आणि दाराला कडी-कुलूप, किल्ली माझ्याकडं." तो म्हणाला, "अव्वा, घरातल्या खोलीला कुलूप कशाला?" म्हटलं, "उघडायला."

हेमावती महिन्याला एकदा दुधनीला येईन म्हणते. तिकिटाचं माझं, डायरीचं तिचं.

११ एप्रिल

उद्या सकाळच्या गाडीनं सिद्धी पुण्याला. आज शेवटची तपासणी. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली, हेमावती साक्षीला बसलेली. एकोणऐंशी कार्डं झाली. एकही चूक नाही. एकोणऐंशी धागे मी आज परत बांधले. बोटं दुखतात, दुखू दे.

शेवटचं कार्ड तेच, सेवेचं. तिनं उचललं, पण कार्डाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "नांगरणं."

मी म्हटलं, "चूक."

"नक्की?"

"नक्की. नांगरणीला दोन तीळ असतेत. हिच्या डोक्यावर काय न्हाय. ही सेवा."

"म्हंजे बांधणार न्हाईस धागा?"

"न्हाय. परत सांग."

तिनं परत सांगितलं, नीट, तीनदा. मी धागा बांधला. मग काय झालं कोण जाणे, पोरीनं कार्ड बाजूला ठेवलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मोठ्ठी नर्सबाई, सव्वीस वर्षांची. किती तरी वेळ उठली नाही. मी तिच्या केसांतनं हात फिरवत राहिले आणि मनात म्हटलं, रोज दवाखान्यात हेच काम करते, झोपेतही चुकणार नाही म्हणाली होती, आणि नेमका हाच शब्द चुकते. हिचं लक्ष असतं कुठं?

आत्ता ती बाजारात गेली आहे, गाडीत खायला शेंगाचटणी आणायला. मी हे सांगते आहे आणि हेमावती लिहिता लिहिता थांबून पदरानं डोळे पुसते आहे. विचारलं, काय झालं गं? म्हणते, तंबाखू उडाली डोळ्यात.

आज तिनं सूप आणलेलंच नाही.